कोकिळाबाईचं रंगाचं गाव

या, सरका जरा जवळ. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढे यावं, कारण ही गोष्ट भोंग्यावरून सांगण्यातली नाही. लेकरांच्या एका खेळाची गोष्ट आहे. तिच्यात मिरची आहे, नाकतोडा आहे, लाल म्हैस आहे. मध्ये मध्ये हसू येईल, तेव्हा मोकळे हसा. शेवटी मात्र मी तुमच्याजवळ एक मागणं मागणार आहे. ते आत्ताच विचारू नका.

मी बंडूजी, राहणार आंजी मोठी. घरी शेती आहे, पण कोणी ओळख विचारली तर मी आधी टाळकरी सांगतो, मग शेतकरी. मिशा काळ्या होत्या तेव्हापासून अण्णाजी महाराजांच्या मागे उभा राहून टाळ वाजवत आलो. कीर्तन मला जेवणाहून गोड. ऐकलेलीच कथा असायची, पुढे काय होणार ते पाठ असायचं, तरी ऐन वेळेला डोळे भरून यायचे. टाळकऱ्याची एक गंमत सांगतो. टाळ काय, कोणीही वाजवतो. थांबायचं कधी ते कळलं पाहिजे. महाराज श्वास घेतात, त्या श्वासावरून ओळखायचं की आता चाल बदलेल, आता गजर उठेल, आता बोलायला थांबतील. इतकी वर्षं मी त्या माणसाचा श्वास ऐकला. घरच्या माणसाचाही कोणी इतका ऐकत नसेल.

अण्णाजी आमच्याच गावचे. दिवसा वावरात, संध्याकाळी वीणेपाशी. आवाज असा की पहिल्या ओळीलाच बाया हातातलं काम खाली ठेवत. आमच्या देवळात माघात सप्ताह होतो आणि काल्याच्या दिवशी दुपारी, दही-लाह्यांचा काला वाटण्याआधी, अण्णाजींची एक रीत होती. सप्ताहात ज्यानं ज्यानं हात लावला त्या प्रत्येकाचं नाव ते घेत. मांडव टाकणारा, भोंगा लावणारा, वांगी चिरणाऱ्या बाया, चपला सांभाळणारा म्हातारा. ‘ज्याचं नाव राह्यलं त्याचं ऋण राह्यलं,’ म्हणायचे. माणसं त्या एका नावासाठी वर्षभर वाट पाहत. माझं नाव आलं की मी मान खाली घालायचो, पण कान वरच असायचे!

त्या नावांत गेल्या काही वर्षांपासून एक नाव येऊ लागलं होतं. ‘आणि कोकिळाबाई, जिनं लेकरं सांभाळली.’

कोकिळाबाई आमच्या अंगणवाडीची सेविका. बौद्धपुऱ्यात घर, नवरा नागसेन मोटारी दुरुस्त करायचा, विहिरीवरच्या. ती वंदनेला विहारात जायची, पण सप्ताह लागला की संध्याकाळी देवळाच्या पायरीवर येऊन बसायची, भोवती सगळ्या जातीची पोट्टी घेऊन. मी एकदा म्हटलं, “बाई, तुमाले कीर्तन आवडते हे पाहून लय बरं वाटते.”

तर म्हणाली, “काकाजी, मी तं चोरी करायले येतो.”

“कशाची जी?”

“महाराज मधातच थांबतात, लोकायले इचारतात, ‘मंग काय झालं?’ आन् सारं गाव जागेवर खिळते. माह्या पोट्ट्यायले असं खिळवता आलं पाह्यजे. तेच चोरून राह्यली.”

मी ते अण्णाजींना सांगितलं. त्यांना इतकं हसू आलं की पान खाली पडलं. “चोरू दे,” म्हणाले, “अशी चोरी तं पुण्याची हाये.”

आता माझ्या नातीचं सांगतो, काजलचं. पोराची पोरगी, तेव्हा चार वर्षांची. बोलायची कमी आणि जे बोलायची त्यात एकच रंग होता, लाल. आभाळ कोणतं? लाल. पान कोणतं? लाल. म्हैस कोणती? लाल. शेजारचा कवडू मला चिडवायचा, “बंडूजी, लाल म्हशीचं दूध बी लालच निंगते का हो?” अंगणवाडीत भिंतीला रंगांचा तक्ता होता, पण उन्हानं त्यातले सगळे रंग उडून एकसारखे राखाडी झाले होते. त्याच्याकडे बोट दाखवून लाल-पिवळा म्हणवून घेणं म्हणजे धुक्यात गाव दाखवणं. काजल माझ्या धोतराचा सोगा सोडायचीच नाही. मी तिला सोडायला जायचो आणि तिच्यासोबतच परत यायचो.

त्या वर्षीचा काला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळातल्या पताका उतरवत होतो. कापडी त्रिकोणी पताका, सगळ्या रंगांच्या, मंडपभर दोरीला ओवलेल्या. दरवर्षी त्या उतरवून नदीत सोडायच्या असा आमचा रिवाज. मी शिडीवर चढून दोऱ्या सोडत होतो, अण्णाजी खाली शिडी धरून उभे. कोकिळाबाई अंगणवाडीकडे निघाली होती. पताकांच्या ढिगाशी येऊन थबकली.

“काय पाहून राह्यली बाई?” अण्णाजींनी विचारलं.

“रंग पाहून राह्यली, महाराज. कसे पक्के हायेत! माह्या तक्त्यावर एक बी रंग नाई उरला.”

“मंग ने ना.”

ती दचकली. “नाई जी, देवळातल्या वस्तू. मी पोट्ट्यायले पळत जाऊन रंगावर उभं करीन म्हणतो. त्यायचे पाय लागतील.”

अण्णाजींनी शिडी सोडली. मी वरून ओरडलो, “महाराज, शिडी!” तर एक हात शिडीला ठेवून, दुसऱ्या हातानं त्यांनी तो अख्खा ढीग तिच्या ओंजळीत दिला. म्हणाले, “नदीत सडण्यापरीस लेकरायच्या पायाखाली येऊ दे. लेकराचे पाय म्हंजे देवाचेच पाय. देव काय आपल्याच पायाचा इटाळ मानते का?”

शिडीवर बसून मला वाटलं, सप्ताहभराचं सगळं कीर्तन एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. मी वरूनच हात जोडले.

मग कोकिळाबाईनं खेळ मांडला. नाव ठेवलं ‘रंगाचं गाव’. पताका शिवून त्यांच्या चटया केल्या, एकेका रंगाची एकेक, आणि अंगणात दूर दूर अंथरल्या. माझ्याकडून कड तुटलेल्या टाळांची एक जोडी मागून नेली. टाळ वाजत असेल तोवर पोट्ट्यांनी गावाला जायचं: बैलगाडीत बसून, नदी ओलांडून, काटे चुकवून, जशी ती सांगेल तसं. टाळ थांबला की सगळे जागच्या जागी. मग ती हळूच विचारायची, “मंग काय झालं?” आणि पोट्टे ओरडायचे, “गाव आलं!” “कोणतं गाव?” ती रंगाचं नाव घ्यायची, की सुटली पलटण!

हिरव्या गावात गेलं की नाकतोडा व्हायचं, टुणटुण उड्या. लाल गावात मिरची: जीभ बाहेर काढून हाशहुश करत नाचायचं. पांढऱ्यात कापसाचं बोंड, आधी गुडघ्यात डोकं घालून घट्ट बसायचं आणि मग फट्‌कन फुटायचं. पिवळ्यात तुरीचं फूल, टाचा उचलून वाऱ्यावर डोलायचं. निळ्यात खंड्या पक्षी, हात मागे करून पाण्यात सूर. केशरी गावात पळस: दोन्ही हात वर, बोटं फाकवून, अंगावर एकही पान नसल्यासारखं ताठ. आणि काळं गाव म्हणजे आपली माती. पालथं पडून राहायचं, अजिबात हलायचं नाही. मग कोकिळाबाई नांगर होऊन येणार आणि एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवणार. हसलं की पीक उगवलं!

काजल दोन दिवस माझ्या पायाशी उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी ‘लाल’ म्हटल्याबरोबर सोगा सुटला. धावत जाऊन मिरची झाली, आणि अशी तिखट मिरची की मदतनीस शोभाबाई खिचडीचा डाव हातात घेऊन बाहेर आल्या, “कोणाले ठसका लागला?” म्हणत. पुढच्या आठवड्यात घरी आली, गोठ्यात गेली, म्हशीसमोर जमिनीवर पालथी पडली. तिची माय धावली, पोरगी पडली म्हणून. तर काजल मान वर करून म्हणते, “काळी.”

म्हैस काळी झाली त्या दिवशी आमच्या घरी गोड केलं होतं.

फाल्गुन लागला. रस्त्याच्या कडेचे पळस फुलले आणि पोट्टे येता-जाता झाडासमोर हात वर करून उभे राहू लागले. कैलास म्हणून सप्ताहाच्या कमिटीतला तरुण पोरगा आहे, त्याचा रजत काजलच्याच वयाचा. एकदा तो रजतला न्यायला आला आणि पोराचा पळस पाहून त्याला इतकं कौतुक वाटलं की त्यानं मोबाईलवर त्याची फिल्म काढली. केशरी चटईवर रजत उड्या मारत येतो आणि हात वर करतो, एवढंच. सकाळी त्यानं ती आपल्या स्टेटसला लावली, ‘माझा वाघ’ लिहून.

दुपारपर्यंत कोणीतरी विचारलं, हे पायाखाली काय आहे? त्यावर दुसऱ्यानं, ही तर देवळातली पताका. त्यावर तिसऱ्यानं, अंगणवाडी कोणाच्या हातात आहे माहीत आहे ना? आणि संध्याकाळी ज्या कैलासनं कौतुकानं फिल्म लावली होती, तोच ती काढून टाकून देवळासमोर सगळ्यात मोठ्यानं बोलत होता. तिचं आडनाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभामंडपात गाव जमलं. कोकिळाबाई आली ती सगळ्या चटया धुऊन, घडी घालून, छातीशी धरून. नागसेन तिच्या मागे उभा. अण्णाजी नेहमीच्या जागी, वीणेच्या खुंटीखाली. त्यांना पाहून माझा जीव भांड्यात पडला. मी मनाशी म्हटलं, आता महाराज एक वाक्य बोलतील आणि सगळे घरी जातील. ते वाक्य मला पाठ होतं. मी त्याची वाट पाहत होतो, गजराची पाहतो तशी.

कैलास म्हणाला, “बाई, येवढंच सांगा. देवळाच्या पताका तुमच्याकडे आल्या कशा?”

“महाराजांनी देल्या,” ती म्हणाली आणि तिनं अण्णाजींकडे पाहिलं. अगदी विश्वासानं पाहिलं. पायरीवर बसून ज्या नजरेनं ती कथा ऐकायची, त्याच नजरेनं.

“पायाखाली टाकाले देल्या?”

“मी सांगतलं होतं त्यायले, पोट्ट्यायचे पाय लागतील म्हणून.”

कमिटीतला दुसरा एक जण उठला. “असं असंल तं पुढच्या साली सप्ताहाले कीर्तनाच्या गादीवर कोणाले उभं करायचं ते बी पाहा लागंल.”

अण्णाजींनी श्वास घेतला. मी सांगितलं ना, मी तो श्वास ओळखतो. तो खरं बोलायच्या आधीचा श्वास नव्हता. चाल बदलायच्या आधीचा होता.

“मी,” अण्णाजी म्हणाले, “नदीत सोडा म्हणून देल्या होत्या. बाईच्या समजण्यात काही फरक झाला असंल.”

मी उभा राहिलो. “महाराज, मी तिथंच होतो जी. तुमीच म्हणले, लेकराचे पाय म्हंजे देवाचे पाय. शिडी सोडून म्हणले.”

अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलं. हसले. तेच हसू, ज्यावर गाव जीव टाकतं. “बंडूजी, तुमी शिडीवर होते. मंडपाच्या टोकावर. या वयात खालचं बोलणं वर ऐकू येते का? शिडी धरून राह्यले, पडले नाई, तेच लय झालं.”

लोक हसले. माझ्यावर हसले, कीर्तनात एखाद्या भोळ्या माणसाच्या गोष्टीवर हसतात तसे. तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की मंडपात शंभर माणसांच्या गलबल्यातून मी ह्या माणसाचा श्वास ओळखतो. तरी हसले. मी खाली बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझे दोन्ही हात टाळ धरल्यासारखे समोर आले होते, रिकामे.

कोकिळाबाईनं चटया महाराजांच्या पुढ्यात ठेवल्या. वरती केशरी होती. ती एवढंच म्हणाली, “तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून घेतल्या, महाराज. दुसऱ्या कोणी देल्या असत्या तं नसत्या घेतल्या.”

आणि चपला घालून निघून गेली.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सांगवत नाही. घराघरांतून पोट्ट्यांना अंगणवाडीत पाठवणं बंद झालं. सगळ्यांनी रागानं केलं असं नाही. शेजारी पाठवत नाही म्हणून आपणही नको, असं. काजल मात्र जायची, कारण मी न्यायचो. बौद्धपुऱ्यातली तीन-चार लेकरं आणि आमची काजल. वरून चौकशी आली, चौकशीत काय निघालं ते कोणी सांगितलं नाही, पण कोकिळाबाईला घरी बसायला सांगितलं. वाट पाहून पाहून तिनंच राजीनामा दिला. दिवाळीआधी ती दोघं वर्ध्याला नालवाडीत राहायला गेली. तिथं तिनं शिवणकाम धरलं. अंगणवाडीत मोनाली नावाची नवीन पोरगी आली. चांगली आहे बिचारी, तिचा काही दोष नाही. तिला नवा तक्ता मिळाला. पोट्टे रांगेत बसून रंग म्हणू लागले.

मी एकदा अण्णाजींच्या ओसरीवर गेलो. जाणार नव्हतो, पण इतक्या वर्षांची ओढ होती. मला वाटलं, एकांतात तरी म्हणतील, ‘बंडूजी, चुकलं.’ तेवढ्यानंही मी वाकलो असतो.

“काऊन केलं महाराज असं?” मी विचारलं.

त्यांनी पानाचा डबा माझ्याकडे सरकवला. मी घेतलं नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, “माही गादी गेली असती ना. ती तरनी हाये, तिले दुसरं काम भेटंल. मले या वयात दुसरी गादी कोण देईल?”

“पण ती तुमच्याच भरोशावर…”

“अन् तुमी मले सभेत उभं करून इचारलं बंडूजी,” ते म्हणाले. “पाठीमागे उभा राहणारा माणूस असा समोर येते का? मले बी वाईट वाटलं.”

पाहा आता! त्यांनाच वाईट वाटलं होतं. मी उठून आलो. त्या रात्री झोपताना मला त्यांची एकही कथा आठवेना, नुसता पानाचा वास येत राहिला.

पुन्हा माघ आला. सप्ताह लागला. मी जाणार नाही असं घरी सांगितलं आणि पहिल्या दिवशी मृदंगावर थाप पडली तसा चपला शोधू लागलो. काय करू? कीर्तन काही त्यांच्या बापाचं नाही. देवाचं आहे, आणि माझंही थोडं आहे. मी मागच्या रांगेत, माझ्या जागी उभा राहिलो. अण्णाजींनी पाहिलं आणि काहीच न झाल्यासारखी मान हलवली.

काल्याचा दिवस. भरदुपार, मंडप भरलेला, पुढे सगळी लेकरं बसलेली. वर पताका होत्या, नव्या कोऱ्या. अण्णाजींनी बाळकृष्णाची कथा लावली. आवाज आजही तसाच हो, खोटं कशाला सांगू! यमुनेच्या काठी गोपाळ जमले, शिदोऱ्या सोडल्या. अण्णाजी रंगात आले. “कसा दिसतो माझा कान्हा? कमरेला पितांबर… पिवळा!”

आणि थांबले. मधेच थांबायची त्यांची ती खास जागा. माझा टाळही थांबला.

टाळ थांबला आणि रंगाचं नाव आलं. पहिल्या रांगेत काजल उभी राहिली. टाचा उचलल्या आणि डोलू लागली. तिच्या पाठोपाठ रजत. मग सगळी रांगच. गेल्या वर्षी अंगणात खेळलेलं एकेक पोर उठून तुरीचं फूल झालं.

बाया हसल्या. “अगं माय, पाहा पाहा!”

अण्णाजींच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. त्यांनी पटकन पुढची ओळ घेतली, “यमुनेचं पाणी… निळं!” आणि सगळी पलटण हात मागे करून सूर मारत मंडपभर सुटली. म्हातारेकोतारे टाळ्या वाजवू लागले. कैलास उभा राहून पुन्हा मोबाईल धरू लागला. सगळ्या गावाला माहीत होतं हे कुठून आलंय. माझ्या मनात आलं, आता. देवानं स्वतः ही जागा करून दिली आहे. आज एक नाव घेतलं की सगळं फिटलं. त्यांनी श्वास घेतला, आणि एवढं सगळं होऊनही मी वेड्यासारखा त्या श्वासाकडे कान लावला.

अण्णाजींनी दोन्ही हात उंच केले. “पाह्यलं! पाह्यलं माउलींनो, कीर्तनाचा महिमा! हे लेकरायले कोणी शिकवलं? कोणी शिकवलं सांगा?”

उत्तर ‘नामानं शिकवलं’ असं यायचं होतं. ते स्वतःच देणार होते. पण ज्या लेकरांना प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं द्यायची सवय कोकिळाबाईनं लावली होती, ती तोवर थांबतात होय?

“कोकिळाबाईनं!” पोट्टे ओरडले. एका सुरात, भोंग्याच्या माइकसमोर.

वरच्या पताका तेवढ्या फडफडत होत्या.

अण्णाजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. गजर उचला, अशी ती खूण. एवढ्या वर्षांत ती खूण मी कधी चुकवली नाही. त्या दिवशी मी टाळ छातीशी धरले आणि उभा राहिलो. माझ्याकडे बघून शेजारच्या दोघांचे टाळही घुटमळले. क्षणभर, बस. मग मृदंगावर थाप पडली, अण्णाजींनी एकट्यानं गजर उचलला, आणि गावानं तो झेलला. सगळ्या गावानं! टाळ्या, जयजयकार, इतका मोठा आवाज की पोरांनी अजून दोनदा घेतलेलं ते नाव त्यात बुडून गेलं. मी डोळ्यांनी पाहिलं, ओठ हलत होते. काजलचे, रजतचेही. कैलासनं रजतचा दंड धरून त्याला खाली बसवला.

नंतर नावं घेतली गेली. मांडव टाकणारा, भोंगा लावणारा, वांगी चिरणाऱ्या बाया. माझंही नाव घेतलं, जरा जास्तच गोड करून. लेकरं सांभाळणारीचं नाव आलं नाही. काला वाटला. सगळ्यांनी खाल्ला. मी माझा द्रोण कवडूकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मी नालवाडीला गेलो. कोकिळाबाई मशीनवर बसली होती, मांडीवर कोणाचं तरी हिरवं लुगडं. मला पाहून उठली, पाणी दिलं. नागसेन बाहेर होता. मी सगळं सांगितलं, पिवळ्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं रडेल, किंवा चिडेल, किंवा निदान महाराजांना दोन शब्द बोलेल.

ती म्हणाली, “काजल टाचा उचलते का काकाजी? का नुसती डोलते?”

“उचलते.”

“अन् निळ्याले हात मांगं घेतात सारे?”

“सारे घेतात.”

“मंग बरं हाये,” ती म्हणाली. मग मशीनचं चाक हातानंच उगाच फिरवत म्हणाली, “मी मात्र आता कीर्तन नाई ऐकू शकत काकाजी. विहारातून येतानी कुठी टाळ वाजला का रस्ता बदलतो. येवढं एक नेलं त्यायनं माहं.”

माझं तर कीर्तनावाचून होत नाही, आणि तिचं कीर्तन माझ्याच महाराजांनी हिसकावून घेतलं. येताना तिनं मला ते कड तुटलेले टाळ परत दिले. कापडात बांधून ठेवले होते. मी घेतले नाहीत. म्हटलं, राहू द्या तुमच्यापाशी, रस्ता बदलून थकवा कधी आला तर.

झाली गोष्ट. आता मागणं मागतो. तुमच्या गावीही काला होत असेल, नावं घेतली जात असतील. मांडववाल्याचं घ्या, भोंगेवाल्याचं घ्या, माझं राहिलं तरी चालेल. पण एखादं लेकरू पिवळं पाहून टाचा उचलताना दिसलं, किंवा पळसाखाली हात वर करून उभं राहिलं, तर तिथंच, जागच्या जागी, एक नाव मोठ्यानं घेजा. कोकिळाबाई. आमच्या मंडपात ते गजराखाली दाबलं गेलं, तुमच्या तोंडी तरी राहू देजा.